साक्ष कुणी द्यायची?

खानदेशातल्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेत साक्षीची, म्हणजे आपलं जीवन कसं बदललं हे सांगण्याची, वेळ आली की कुणीतरी उभा राहतो. मी दारू प्यायचो, बायकोला मारायचो, डोक्यावर कर्ज होतं, गावात कुणी दारात उभं करत नव्हतं; मग एका प्रार्थना सभेत प्रभूने मला स्पर्श केला आणि मी नवा माणूस झालो. नवापूर-चिंचपाड्याकडे ही साक्ष मावचीत होते, अक्कलकुवा-धडगावकडे भिलीत किंवा पावरीत, धुळे-जळगाव-भुसावळकडे मराठीत आणि मन भरून आलं की अहिराणीत. मंडळी ‘हालेलुया’ म्हणते, पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, पुढचं गीत सुरू होतं. अशा साक्षी मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि त्यांतल्या बहुतेक मनापासून दिलेल्या असतात असं मी मानतो. तरीही एक प्रश्न मला सोडत नाही. मार खाल्ला त्या बाईने, आणि मार थांबला हे सांगतो आहे मारणारा. ती त्याच खोलीत, बायकांच्या बाजूला, डोक्यावर पदर घेऊन बसलेली असते. तिला कुणी उभं करत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पश्चात्ताप खरा आहे का, हे सांगण्याचा पहिला अधिकार ज्याचं नुकसान झालं त्याचा आहे. मंडळीने साक्ष तिथून घ्यावी. ती मिळेपर्यंत पश्चात्ताप करणाऱ्याला प्रेमाने जवळ ठेवावं, त्याच्यासाठी प्रार्थना करावी, पण त्याला व्यासपीठ, पद आणि टाळ्या देऊ नयेत.

हे कठोर वाटेल. पण शास्त्र याहून मऊ बोलत नाही. यार्देन नदीवर बाप्तिस्मा देणारा योहान आलेल्या गर्दीला सापाची पिल्लं म्हणतो आणि पश्चात्तापाला शोभेल असं फळ दाखवा म्हणून बजावतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला विचारतात, मग आम्ही करायचं काय? त्याची उत्तरं पुन्हा वाचून पाहा. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी दांडगाई करून पैसे उकळू नयेत, खोटे आरोप करू नयेत, आपल्या पगारात भागवावं. उपास किती करावेत, मंदिरात किती वेळा जावं, कोणती प्रार्थना म्हणावी, यातलं एकही उत्तर त्याने दिलेलं नाही. ज्या जागी त्या माणसाचा दुसऱ्यावर जोर चालतो, नेमक्या त्या जागेवर योहान बोट ठेवतो. जकातदाराचं पाप नाक्यावर घडत होतं, म्हणून पश्चात्तापही नाक्यावरच दिसायला हवा होता.

आज हाच प्रश्न खानदेशात विचारला, तर उत्तरं काय येतील? रावेर-यावलकडे केळीचा माल काढणाऱ्या व्यापाऱ्याला शेतकऱ्याच्या भावाबद्दल आणि वजनाबद्दल उत्तर मिळेल. रेशन दुकानदाराला मापाबद्दल. आश्रमशाळेत नोकरी करणाऱ्याला मुलांच्या ताटातल्या भाजीबद्दल. सासूला सुनेबद्दल. आणि ऊसतोडीच्या मुकादमाला त्याच्या वहीबद्दल.

मुकादमावर मी थोडा थांबतो. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे हजारो जोडपी दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. निघण्याआधी मुकादम उचल देतो, पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा हीच उचल चूल पेटवते. मग हंगामभर तोडलेल्या उसाची मजुरी त्या उचलीत वळती होत राहते, आणि हिशेब असतो मुकादमाच्या वहीत. तोडणाऱ्याला वाचता येत नसेल तर त्या वहीत काय लिहिलंय हे त्याला मुकादमच सांगतो. हंगाम संपताना कुणाच्या हातात चार पैसे पडतात, कुणी उलट देणेकरी होऊनच गावी परततो आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणं त्याला भाग पडतं. सगळे मुकादम लबाड नसतात. अनेक जण स्वतः कोयता धरून वर आलेले असतात आणि कारखाना व मजूर यांच्या मधे चिरडतात. पण वही हातात असणं ही मोठी सत्ता आहे.

अशा एका मुकादमाने प्रभूला स्वीकारलं असं समजा. दारू सुटली, रविवार चुकत नाही, घरी प्रार्थना होते. हे सगळं चांगलं आहे. पण वहीचं काय?

यरीहोतला जक्कय हा असाच माणूस होता. तो मुख्य जकातदार होता आणि श्रीमंत होता, एवढं सांगून लूक त्याच्याबद्दल पुरेसं सांगून टाकतो. येशू त्याच्या घरी उतरायला जातो, लोक कुरकुरतात, आणि जक्कय उठून म्हणतो की माझ्या मालमत्तेचा अर्धा भाग मी गरिबांना देतो, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. हे ‘चौपट’ सहज तोंडातून निघालेलं नाही. मोशेच्या नियमशास्त्रात दोन हिशेब आहेत. गणनाच्या पाचव्या अध्यायात जो आपणहून पाप कबूल करतो त्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा आहे. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला एकाच्या बदल्यात चार द्यावी लागतात. जक्कय आपणहून कबूल करत होता, म्हणजे त्याला पाचव्या हिश्श्याची सवलत घेता आली असती. त्याने चोराचा दर स्वतःला लावला. ‘हिशेबात चूक झाली’ असं तो म्हणाला नाही, आपण चोरलं हे त्याने मान्य केलं. आमच्या मुकादमाने कुणाच्या नावावर दहा हजार जास्त लिहिले असतील, तर एका नियमाने बारा हजार होतात आणि दुसऱ्याने चाळीस हजार. या दोन रकमांच्या मधे जे अंतर आहे त्यात माणसाला स्वतःच्या पापाबद्दल खरंच काय वाटतं ते कळतं.

आणि क्रम बघा. ‘आज या घराला तारण प्राप्त झालं’ हे येशूचं वाक्य जक्कयच्या या बोलण्यानंतर येतं. येशू त्याच्या घरी आधीच गेला होता, पैसे परत होण्याची वाट पाहत दाराबाहेर थांबला नव्हता. कृपा पहिली आली. पण ती आल्यावर तिजोरी उघडली, आणि हा क्रम आपण प्रचारात निम्माच सांगतो.

इथे आक्षेप येणार, आणि तो गंभीर आहे. तारण विश्वासाने आहे, कृत्यांनी नाही. हे तर सुवार्तेचं, येशूच्या शुभसंदेशाचं, हृदय. मग फळ मागणं म्हणजे मागच्या दाराने कर्मकांड आणणं नाही का? देवाने ज्याला माफ केलं त्याला तुम्ही कोण तपासणारे? येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराने कुठलं फळ दाखवलं?

त्या चोराकडे काही तासच उरले होते, हे खरं. पण तेवढ्या वेळात त्याने जे केलं ते पाहिलं पाहिजे. आपल्याला मिळाली ती शिक्षा योग्यच आहे असं तो सर्वांदेखत म्हणाला. शेजारी निर्दोष माणसाची टवाळी चालली होती, ती करणाऱ्या सोबत्याला त्याने गप्प केलं. खाली उतरव अशी मागणी त्याने केली नाही. हात खिळलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काय करता येतं? ज्याचे हात मोकळे आहेत, ज्याच्यापुढे वीस-तीस वर्षं आहेत, त्याने या चोराच्या आड लपू नये.

कृपा आणि फळ यांचा संबंध पौलाने इफिसकरांना एका ओळीत सांगून टाकला आहे: चोरी करणाऱ्याने पुन्हा चोरी करू नये, स्वतःच्या हातांनी काम करावं, म्हणजे गरजवंताला द्यायला त्याच्याजवळ काही असेल. याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तारण कृपेने आहे, कृत्यांनी नाही, असं तोच पौल लिहितो आणि लगेच पुढे म्हणतो की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. त्याला यात विरोध दिसला नाही. मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये जे पंचाण्णव मुद्दे मांडले त्यांतला पहिलाच असा आहे की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं अशी ख्रिस्ताची इच्छा होती. विश्वासाने तारण हा सिद्धांत ज्याने युरोपभर गाजवला, त्याने पश्चात्तापाला एका संध्याकाळच्या सभेत संपवलं नाही. आणि कॅथोलिक शिकवण तर स्पष्टच सांगते की प्रायश्चित्त संस्कारात पापाची क्षमा मिळाली तरी पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत करावं, बदनामी केली असेल त्याची अब्रू भरून द्यावी, इजा केली असेल त्याची भरपाई करावी. या एका बाबतीत आम्ही प्रोटेस्टंट लोकांनी शेजारच्या चर्चकडून शिकायला हरकत नाही.

भरपाई केली म्हणजे झालं, असंही मात्र मी म्हणत नाही. येशूला धरून देणाऱ्या इस्कर्योताने तीस रुपे परत नेऊन दिले होते आणि निर्दोष रक्ताचा विश्वासघात केल्याचं तोंडाने कबूलही केलं होतं. पण तो गेला याजकांकडे, आपल्या सौद्यातल्या भागीदारांकडे. ज्याचा घात केला त्याच्याकडे तो वळला नाही. एकटाच अंधारात गेला. येशूचा शिष्य पेत्र यानेही त्याच रात्री येशूला तीनदा नाकारलं, आणि तोही रडला. पण समुद्रकिनारी येशू भेटला तेव्हा तो होडीतून उडी टाकून त्याच्याकडे गेला, आणि ‘माझ्यावर प्रीती करतोस का’ हा प्रश्न तीनदा ऐकून घेतला. तिसऱ्या वेळी त्याला दुःख झालं असं योहान लिहितो. दुखणाऱ्या जागी प्रश्न विचारला जात असताना तो तिथे उभा राहिला.

आता दारूबद्दल. आपल्या मंडळ्यांत बदललेलं जीवन म्हणजे सुटलेली दारू, हे जवळजवळ ठरून गेलं आहे, आणि त्यामागे कारण आहे. मोहाच्या दारूने आणि नंतर बाटलीतल्या दारूने सातपुड्याच्या पायथ्याची किती घरं बसली हे ज्याने पाहिलं तो दारू सुटल्याचा आनंद कधी कमी लेखणार नाही. पण ही खूण आपली एकट्याची नाही. १९२२ च्या सुमारास दक्षिण गुजरात आणि लगतच्या आदिवासी भागात देवीची चळवळ पसरली तेव्हा हजारोंनी दारू-ताडी सोडली. पुढे तळोद्याकडे गुलाम महाराजांच्या आप संप्रदायाने दारू आणि मांस सोडायला शिकवलं, एकमेकांना ‘आप’ म्हणून मान द्यायला शिकवलं. वारकऱ्यांच्या माळेनेही खानदेशातल्या कित्येक घरांतली बाटली बाहेर काढली. या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. मग ख्रिस्ती पश्चात्ताप दारूपाशी येऊन थांबत असेल, तर आपण वधस्तंभाचं नाव घेऊन नक्की काय जास्त सांगतो आहोत?

दारू सोडल्याने मारणं थांबतंच असंही नाही. मारणाऱ्याला मारण्याचा हक्क दारूने दिलेला नसतो. तो आधीपासून मनात असतो, दारू फक्त निमित्त देते. नशेत नसलेला नवरा हात उचलत नसेल, पण मजुरीचे पैसे स्वतःकडे ठेवत असेल, माहेरी जाऊ देत नसेल, मुलीची शाळा सातवीनंतर बंद करत असेल. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळींपैकी कुणी, शक्यतो बाईच, त्या घरी जाऊन तिला एकटीला विचारेल, तर ती कदाचित म्हणेल, ‘आते तो दारू पेत नही, पन मना मोबाईल अजूनबी तेनाच हातमा शे.’ हे एक वाक्य त्याच्या अर्ध्या तासाच्या साक्षीपेक्षा मंडळीला जास्त सांगून जाईल. आणि ती म्हणाली की आता घरात मोकळं वाटतं, तो चुकला तर मुलांसमोर चुकलो म्हणतो, तर मग खुशाल हालेलुया म्हणा.

सातपुड्यातलं एक पाप याहून अवघड आहे. गावात मूल दगावलं, गुरं मेली, ताप पसरला की एखाद्या बाईला, बहुतेक वेळा एकट्या किंवा विधवा बाईला, डाकीण ठरवलं जातं. तिला मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं, तिची जमीन भाऊबंदांकडे जाते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते नंदुरबार जिल्ह्यात याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडत आले आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार असल्या छळाला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे.

आता डाकीण ठरवणाऱ्या त्या घोळक्यातला एक जण पुढे ख्रिस्ती होतो. भगत-बुवांकडे जाणं तो सोडतो, गळ्यातला ताईत काढून टाकतो, आणि मंडळीत सांगतो की मी अंधारातून प्रकाशात आलो. त्याच्यापुरतं हे खरं आहे. पण ती बाई अजून दुसऱ्या गावात, कुणाच्या तरी पडवीत राहते आहे, आणि तिच्या नावामागे तो शब्द अजून चिकटलेला आहे. पाप गावाच्या चौकात झालं असेल तर त्याचा पश्चात्ताप प्रार्थनाघराच्या चार भिंतींत पुरत नाही. त्याने त्याच गावात, त्याच पंचांसमोर, त्याच माणसांपुढे उभं राहून म्हणायला हवं की ती डाकीण नव्हती, आम्ही खोटं बोललो, मी त्यात होतो. तिची जमीन त्याच्याकडे किंवा त्याच्या भावाकडे असेल तर ती सोडायला हवी. त्याने गावात त्याची टर उडेल, भाऊबंद तुटतील, पोलिसांत जबाब द्यावा लागेल. अब्रू भरून देणं म्हणजे नेमकं हेच. जे खोटं त्याने दहा जणांबरोबर ओरडून सांगितलं होतं ते खोटं होतं, हे आता त्याला एकट्याने सांगायचं आहे. असं करणारा एक माणूस एखाद्या पाड्यावर निघाला, तर त्या पाड्याला सुवार्ता वेगळी सांगावी लागणार नाही.

पश्चात्ताप किती खोल गेला हे ओळखण्याची मला सापडलेली सर्वांत चांगली जागा उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. याकोबाचा मुलगा यहूदा यानेच, योसेफाला मारण्याऐवजी विकून टाकू, असं भावांना सुचवलं होतं. वीस शेकेल रुप्यांना सौदा झाला, बापाला रक्ताने भिजलेला अंगरखा दाखवला गेला. कित्येक वर्षांनी दुष्काळात हेच भाऊ मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, धान्यासाठी येतात आणि आता तिथे अधिकारी असलेला योसेफ, त्यांना ओळख न देता, तीच परिस्थिती पुन्हा उभी करतो. पुन्हा बापाचा लाडका धाकटा, या वेळी बन्यामीन. पुन्हा परक्या देशात एका भावाला गुलाम म्हणून मागे सोडून सुखरूप घरी जाण्याची संधी. कुणी दोषही दिला नसता, कारण योसेफाने मुद्दाम ठेवायला लावलेला त्याचा प्याला बन्यामीनच्याच गोणीत निघाला होता. यहूदा पुढे होतो आणि म्हणतो, मुलाच्या जागी मला गुलाम म्हणून ठेवा, त्याला घरी जाऊ द्या. बापाचं दुःख मला बघवणार नाही. ते ऐकून योसेफाला रडू आवरत नाही. त्याने भावांकडून माफीचं भाषण मागितलं नाही. तीच संधी दिली आणि हा माणूस आता काय करतो ते पाहिलं. यहूदा ज्या बापाला एकदा रडवून चुकला होता त्याच्यासाठी स्वतःची मान द्यायला तयार झाला. मुकादमाच्या बाबतीत ही संधी दर दिवाळीला येते: वही पुन्हा हातात, समोर तोच न वाचता येणारा माणूस. नवरा-बायकोच्या घरात ती रोज संध्याकाळी येते. म्हणून घाई करू नये. एक हंगाम, एक वर्ष जाऊ द्यावं.

घाई सर्वांत जास्त होते ती पुढाऱ्यांच्या बाबतीत. पाळकाने किंवा पंच कमिटीतल्या कुणी मंडळीच्या पैशात हात घातला, कुणा स्त्रीशी गैरवर्तन केलं, तर रडून कबुली होते आणि थोड्याच रविवारांत तो माणूस पुन्हा व्यासपीठावर दिसतो. ‘दाविदानेही पाप केलं होतं’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं. दावीद राजाचं नाव घेणाऱ्यांनी त्याच्या आधीच्या शौल राजाचीही गोष्ट वाचावी. पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात शौल म्हणतो, मी पाप केलं आहे, आणि त्याच दमात, पण माझ्या लोकांच्या वडिलांसमोर माझा मान राख. कबुली होती, शब्दही बरोबर होते. पण त्याला आपलं आसन वाचवायचं होतं. दाविदाने, त्याचं पाप दाखवून देणाऱ्या नाथान संदेष्ट्यापुढे, मान राखण्याची अट घातली नाही. त्याच्या घरात पुढे जे अनर्थ झाले ते त्याने भोगले, आणि ज्या स्तोत्रात त्याने आपलं काळीज फाडलं ते आजपर्यंत सगळं जग त्याच्या नावानिशी वाचतं. पद सोडायला तयार असणं हे पुढाऱ्याच्या पश्चात्तापाचं पहिलं फळ आहे. ते नसेल तर बाकीची चर्चा लांबवण्यात अर्थ नाही.

गुन्ह्यांच्या बाबतीत आपल्याकडे एक घातक सवय आहे. मंडळीतली गोष्ट मंडळीतच मिटवा, करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात कोर्टात जाऊ नका असं म्हटलंय, असा सल्ला दिला जातो. पौल तिथे भावाभावांच्या देण्याघेण्याच्या वादाबद्दल लिहितो आहे. मुलाबाळांवरचा अत्याचार, जिवावरची मारहाण ही देण्याघेण्याची बाब नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलांवरचा लैंगिक गुन्हा माहीत असूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि तो वडील मंडळींना, पाळकांना, मुख्याध्यापकांना सारखाच लागू आहे. बायकांच्या छळासाठी २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. खरा पश्चात्ताप झालेला माणूस शिक्षेपासून पळण्यासाठी मंडळीचा आडोसा मागणार नाही. तो वधस्तंभावरच्या त्या चोरासारखं म्हणेल की मला मिळतंय ते योग्य आहे.

आणि क्षमेची सक्ती. हा मुद्दा मला सर्वांत जास्त टोचतो. माणूस पश्चात्ताप करतो, रडतो, आणि त्यानंतर सगळ्यांची नजर त्या बाईकडे वळते: आता तू माफ कर, प्रभूने सांगितलंय सत्तर वेळा सात. तिने वेळ मागितला की तिचाच विश्वास कमी ठरतो. म्हणजे पाप त्याचं आणि परीक्षा तिची. शास्त्र तिला क्षमा करायला शिकवतं, हे मी नाकारत नाही. पण त्याच्या तारखा मंडळी ठरवू शकत नाही. क्षमा केली म्हणजे त्याच घरात, त्याच दाराआड पुन्हा राहायला गेलंच पाहिजे असंही नाही. पश्चात्ताप करणाऱ्याला हे समजायला हवं की त्याने सगळं परत केलं, सगळं कबूल केलं, तरी तिच्याकडून त्याला काहीही येणं नाही. ज्याला हे समजलं तो थांबू शकतो. ज्याला समजलं नाही तो महिन्याभरात ‘मी एवढं केलं, आता हिला काय हवंय’ असं बोलू लागतो, आणि तेव्हा कळतं की तो अजून वळलेला नाही.

आपल्या बाहेर जे आहेत ते आपल्याबद्दल काय म्हणतात हे आपल्याला माहीत आहे. पैशासाठी धर्म बदलला, औषधासाठी बदलला, शाळेसाठी बदलला. नंदुरबारची एस. ए. मिशनची शाळा किंवा चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय यांनी सर्व जातीधर्मांच्या माणसांना शिकवलं आणि बरं केलं, हे सांगून या आरोपाला उत्तर देता येतं, आणि ते खरं उत्तर आहे. पण ती सेवा आपल्या आधीच्या माणसांनी उभी केली. आपलं उत्तर आपल्याला द्यावं लागेल. गावातला एखादा हिंदू मजूर किंवा मुसलमान दुकानदार जर म्हणाला की हा ख्रिस्ती झाला आणि त्यानंतर त्याने माझे बुडवलेले पैसे आणून दिले, तर ती साक्ष कुठल्याही सभेत आपण दिलेल्या साक्षीपेक्षा मोठी आहे. त्याला तशी साक्ष देण्यात कसलाही स्वार्थ नाही.

मंडळीलाही यात स्वतःकडे पाहावं लागेल. तो मुकादम दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, आणून देतो तेव्हा आपण ते पैसे कुठून आले हे विचारतो का? मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलं असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. अर्पण थांबू शकतं, भाऊ थांबू शकत नाही. नवं प्रार्थनाघर बांधायला पत्रे हवे असतात, सिमेंट हवं असतं, मोठ्या देणगीला नाही म्हणणं किती अवघड असतं याची मला जाणीव आहे. पण कोयत्यावाल्याच्या घामाचा बुडवलेला पैसा दशांश होऊन दानपात्रात आला, आणि आपण तो आशीर्वाद देऊन घेतला, तर त्या वहीतल्या खोट्या आकड्याखाली आपलीही सही झाली.

म्हणून माझी सूचना अशी. बाप्तिस्म्याच्या वर्गात जसे दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना शिकवतात, तसाच एक प्रश्न विचारावा: तुझ्यामुळे कुणाचं काय गेलं आहे? उत्तर लिहून घेऊ नये, कुणाला सांगू नये, पण पाळकाने किंवा एखाद्या वडिलाने त्याच्याबरोबर त्या दारापर्यंत चालत जावं, कारण तिथे एकट्याने जाणं फार कठीण असतं. बाईशी बोलायला बाईने जावं, आणि नवऱ्याच्या गैरहजेरीत. उचलीचे व्यवहार करणाऱ्याने हंगाम संपताना हिशेब मजुराला वाचून दाखवावा, आणि तो वाचताना वाचता येणारा तिसरा माणूस, शक्यतो मजुराच्याच घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी, शेजारी बसलेली असावी. डाकिणीच्या प्रकरणात मंडळीने त्या माणसाबरोबर गावात उभं राहावं, आणि ती बाई परत यायला तयार असेल तर तिला सोबत करावी, तयार नसेल तर तिच्या जमिनीचा सातबारा तिच्या नावावर राहील एवढं तरी पाहावं. साक्षीची वेळ आली की पाळकांनी आधी त्या घरातल्या माणसांना विचारावं, तुम्हाला काही सांगायचं आहे का? त्यांनी नाही म्हटलं तर त्या रविवारी साक्ष होऊ नये. गीत म्हणावं आणि पुढे जावं.